देव, पितळी, एक नग

नव्याण्णव फुलं मी मिळवली होती, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढची हकिगत ऐकली की लोक हमखास म्हणतात, "एवढ्या मोठ्या गावात तुम्हाला एक फूल मिळेना?" एक मिळत नव्हतं हे खरं, पण ते शंभरावं होतं. आधीच्या नव्याण्णवांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

नवस साधा होता. निदान बोलताना साधा वाटला. ह्यांना छातीच्या ऑपरेशनसाठी आत नेलं, दार बंद झालं, आणि बाहेरच्या बाकावर बसून मी देवाला म्हटलं, "हे चालत घरी येऊ देत. शंभर दिवस तुझ्या पायाशी रोज एक फूल वाहीन, आणि एकदा वाहिलेल्या जातीचं पुन्हा वाहणार नाही." ही शेवटची पुस्ती मी का जोडली, मला आजतागायत कळलेलं नाही. कुणी मागितली नव्हती. आमच्या समोर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात, त्यांना सगळे हेडसर म्हणतात. ते नंतर म्हणाले, "वहिनी, घाबरलेल्या माणसाने नवस बोलू नये. बोललाच, तर कच्चा मसुदा आधी कुणाला तरी दाखवावा."

हे घरी आले. इस्पितळाच्या नियमाप्रमाणे फाटकापर्यंत चाकाच्या खुर्चीतून, आणि तिथून पुढे चालत. खुर्चीचा मुद्दा मी देवापाशी काढला नाही. त्याने आपली बाजू सांभाळली होती, आता माझी पाळी.

पहिला महिना फुलवालीने निभावून नेला. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांच्या गॅलऱ्या झाल्या. तिसऱ्या महिन्यात मी भाजीत उतरले. मुळ्याला, कांद्याला, वांग्याला किती नाजूक फुलं येतात, हे नवस बोलल्याशिवाय माणसाला कळत नाही. बटाट्याच्या फुलासाठी मी बस बदलून एका मळ्यात गेले, आणि तिथल्या माळीबुवांना कारण सांगितलं तेव्हा त्यांनी मला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिलं, पण फूल देताना बायकोला साक्षीला बोलावलं. सगळ्याची नोंद मी एका वहीत ठेवत होते: दिवस, फूल, कुणाकडून. पिवळा गुलाब ही वेगळी जात धरायची की नाही, यावर हेडसरांनी निकाल दिला की रंग वेगळा, जात एकच, नाही चालणार. हेडसर शाळेत भूगोल शिकवायचे. पण त्यांचा आवाज असा आहे की विषय कुठला ते आपण विसरतो.

सत्त्याण्णवाव्या दिवशी माझ्या हाती तीन फुलं शिल्लक होती आणि दिवस चार होते.

"वहिनी, तुम्ही पण ना!" असं म्हणत आमच्या वन्सं आल्या. ह्यांची धाकटी बहीण. गावातच राहतात, आणि जगात जे जे चाललंय ते ते त्यांच्या फोनवर येतं. "अहो, त्या डोंगरावरचं पठार आहे की! अडीच तास बस. दोन महिने नुसती फुलंच फुलं, आणि तीही अशी की दुसरीकडे कुठे उगवत नाहीत. शेकडो जाती! एक काय, पुढच्या चार ऑपरेशनांचे नवस फिटतील."

"चार?" हे आतून म्हणाले.

शंभरावा दिवस शनिवारी येत होता. पठारावर जायला आधी संगणकावर नाव नोंदवावं लागतं, म्हणून आम्ही हेडसरांकडे गेलो. नाव, वय, पत्ता इथपर्यंत माझं सगळं खरं निघालं. मग प्रश्न आला: भेटीचा उद्देश. खाली चारच पर्याय. सहल, संशोधन, छायाचित्रण, इतर.

"सहल टाका," हेडसर म्हणाले.

"पण मी सहलीला जात नाहीये."

आता माझ्या नेमांबद्दल सांगायला हवं. तसे पुष्कळ आहेत. दिवा लावल्याशिवाय पाणी नाही, रोज पोथीचं एक पान, आणि सकाळी दिवा लावल्यापासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत खोटं बोलायचं नाही. हा शेवटचा नेम चोवीस वर्षांचा आहे, आणि त्याचा त्रास मुख्यतः इतरांना होतो. त्यामुळे उद्देश 'इतर' असा ठरला. 'इतर' म्हटल्यावर यंत्राने तपशील विचारला. वीस अक्षरांत. "फूल वाहण्यासाठी" एवढं मावलं. ते लिहून पुढे सरकलो, तर एक चौकोन आला आणि त्यापुढे ओळ: मी तेथील कोणतेही फूल, पान, फांदी अथवा बी तोडणार नाही, उचलणार नाही, हलवणार नाही. खूण करा.

हेडसरांनी खूण करायला बोट उचललं. मी त्यांचं मनगट धरलं. आजवर परपुरुषाचं मनगट मी धरलं नव्हतं. दोघंही दचकलो.

"अगं, कर की खूण," हे म्हणाले. "एवढंसं फूल. कुणाला कळतंय?"

"ज्याला वाहायचं त्याला कळणार."

"मग उद्या पहाटे दिवा लावायच्या आधी येऊन खूण कर. तेव्हा नेम चालू नसतो ना तुझा?"

ह्यांची ही बुद्धी ऑपरेशनच्या आधीची आहे. डॉक्टरांनी तिला हात लावला नाही.

मी रात्रीपर्यंत त्या ओळीवर विचार करत बसले. चोरीचं फूल वाहायचं नाही आणि शंभरावं फूल तर वाहायचंय. हे जेवता जेवता सहज म्हणाले, "मग देवालाच घेऊन चल. मला डॉक्टरांनी हवापालट सांगितलाय, त्यालाही होईल." आणि त्यांनी दही मागितलं. त्यांनी काय सांगितलं होतं ते त्यांना कळलंच नाही. मला मात्र एकदम सगळं स्वच्छ दिसलं. फूल तोडायला मनाई आहे. फुलापाशी देव न्यायला कुठे आहे? दुसऱ्या दिवशी दिवा लावून, शांत मनाने मी हेडसरांच्या घरी जाऊन खूण केली. स्वच्छ दिसण्याचा तो माझा शेवटचा प्रसंग. त्यानंतर जे झालं त्यातलं निम्मं मला अजून उमगलेलं नाही.

आमचा देव बोटाच्या दोन पेरांएवढा आहे. पितळी. माझ्या आईने दिलेला. भिंतीतल्या कोनाड्यात असतो. नाक-डोळे पुसून पुसून झिजलेत, त्यामुळे तो आपल्याकडेच बघतोय की कसं, ते नक्की सांगता येत नाही. शनिवारी पहाटे त्याला मऊ रुमालात गुंडाळून ह्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि आम्ही दोघं बसमध्ये बसलो. वन्संनी निघताना चार सूचना केल्या, हेडसरांनी सहा. हे डबीकडे बघून म्हणाले, "खिडकीजवळची जागा त्याला द्यायची का?"

पठाराच्या फाटकाशी दोन रांगा होत्या. उद्देश सहल असलेल्यांची लांबलचक, तीत लोक भराभर आत जात होते. उद्देश 'इतर' असलेल्यांची दुसरी, तीत आम्ही दोघंच, आणि तिची खिडकी बंद. खिडकीवर पाटी होती: चौकशी पहिल्या खिडकीवर. पहिल्या खिडकीवर गेलो तर ते म्हणाले, "तुमची दुसरी." अर्धा तास आम्ही या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत असे चाललो की डॉक्टरांनी सांगितलेला ह्यांचा दिवसाचा व्यायाम तिथेच पुरा झाला. शेवटी एक पहारेकरी स्वतःहून आला. उंच, खांदे जरा पुढे झुकलेले, गळ्यात शिट्टी. त्याने आमचा कागद दोनदा वाचला.

"फूल वाहण्यासाठी?" तो म्हणाला. "मावशी, इथे तोडायला बंदी आहे."

"तोडणार नाही."

"काय?"

माझा आवाज मुळातच बारीक आहे. मी पुन्हा सांगितलं. मग त्याने पिशवी तपासली. फळं बाहेर, प्लास्टिकची बाटली बाहेर. डबी उघडली, रुमाल उलगडला आणि तो थांबला.

"ही काय वस्तू आहे?"

"देव."

त्याने भिंतीवरची यादी बोटाने वरपासून खालपर्यंत वाचली. खाद्यपदार्थ, पाळीव प्राणी, वाद्ये, चेंडू, उडती यंत्रे. "देव यादीत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे चालतो?" ह्यांनी विचारलं.

"यादीत नाही म्हणजे मनाई नाही. पण तशी परवानगी पण नाही." तो खरंच कोड्यात पडला होता. मला त्याची दया आली. मग त्याने रुमाल होता तसा, घडीवर घडी घालून, मिटला आणि डबी माझ्या हातात दिली. "हातात धरा. खाली ठेवायचा नाही."

आत गेल्यावर मी काय पाहिलं, ते लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत आणि खोटे वापरायचे नाहीत. एवढंच सांगते की नव्याण्णव फुलांसाठी तीन महिने वणवण केलेल्या बाईला एकदम क्षितिजापर्यंत फुलं दाखवू नयेत. जांभळी, पांढरी, पिवळी, मधूनच एखादी अशी की तिच्या रंगाला नाव असेल असं वाटेना. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो गोंधळ. इतक्यातलं एक कसं निवडायचं? मळ्यातलं बटाट्याचं फूल बरं होतं. एकटंच होतं.

दोन्ही बाजूंना कमरेइतके लाकडी कठडे आणि मधून पायवाट. एकाच दिशेने चालायचं, मागे फिरायचं नाही, थांबायचं नाही. दर वीस पावलांवर 'थांबू नये' अशी पाटी होती, आणि प्रत्येक पाटीशी लोक थांबून फोटो काढत होते. चालता चालता कठड्यापलीकडे हातभर अंतरावर मला ते दिसलं. निळं, नखाएवढं, मध्ये दोन ठिपके. एका काडीवर एकटं. मी ह्यांना म्हटलं, "हेच."

मी गुडघे टेकले. कठड्याच्या दोन फळ्यांमधून हात बाहेर काढला. तळहातावर देव. फूल आणि देव यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं होतं. म्हणायचे शब्द मी बसमध्ये ठरवले होते: हे शंभरावं, आणि तुझं माझं आता देणं-घेणं राहिलं नाही, फक्त माया राहिली. तोंड उघडलं, आणि मागून कुणाची तरी पाठपिशवी माझ्या खांद्यावर आदळली.

"अगं, पुढे हो, लोक खोळंबलेत," हे म्हणाले.

"थांबा," मी म्हणाले. माझ्या आवाजात 'थांबा' म्हटलं की आजवर कुणीही थांबलेलं नाही. दुसरा धक्का बसला. तळहात रिकामा झाला. आवाजसुद्धा झाला नाही. फुलं जरा हलली आणि परत आपापल्या जागी आली.

त्यानंतर ह्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना माफ केलंय, कारण हेतू चांगला होता. त्यांनी एक पाय कठड्यावरून पलीकडे टाकला. लगेच शिट्टी वाजली.

"पाय आत!" पहारेकरी धावत आला. "काका, पाय आत घ्या!"

"आत म्हणजे कुठे?" ह्यांनी कठड्यावर अर्धे बसून विचारलं. "इकडे की तिकडे?"

"हलू नका! खाली रोपं आहेत!"

त्यामुळे हे हलेनात. ऑपरेशन झालेला माणूस घोड्यावर बसावा तसा कठड्यावर बसला, एक चप्पल फुलांच्या वर अधांतरी, आणि जाणारा येणारा त्यांचाही फोटो काढू लागला. मी खाली वाकून बघितलं. देव दिसत होता. हात पोचेल त्यापलीकडे वीतभर, उताणा, पाय पानांआड.

"काठीने ओढता येईल," मी म्हटलं.

पहारेकरी उकिडवा बसला. एक डोळा मिटून त्याने अंदाज घेतला. "सात रोपं मोडतील, मावशी," तो म्हणाला. "सात." आणि त्याने ती मला एक एक करून दाखवली.

साहेबांची खोली फाटकाशेजारी होती. एक टेबल, एक कपाट, भिंतीवर फुलांची चित्रं, आणि टेबलावर फूलदाणीत प्लास्टिकची फुलं. साहेब तरुण आणि फार सभ्य होते. त्यांनी कागद पुढे ओढला.

"हरवलेली वस्तू?"

"हरवली नाही. कुठे आहे ते माहीत आहे."

"मग सापडलेली वस्तू?"

"सापडली कशी म्हणू? मिळाली कुठे?"

साहेबांनी लेखणी खाली ठेवली, परत उचलली, आणि 'हरवलेली'वर खूण केली. "वर्णन?"

"देव."

"पितळी," ह्यांनी जोड दिली.

साहेबांनी लिहिलं: देव, पितळी, एक नग. मग विचारलं, "वस्तूचा उपयोग?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी छताकडे बघितलं. तीस वर्षं मी ज्याच्यापुढे दिवा लावते त्याचा उपयोग काय, हा प्रश्न मला कुणी असा टेबलाच्या पलीकडून विचारला नव्हता. "तो असतो," मी शेवटी म्हणाले. साहेबांनी लिहिलं: शोभेची वस्तू.

"पडली, की टाकली?"

इथे ह्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

"मी हात पुढे केला होता," मी म्हणाले, "आणि तो गेला."

"कोण गेला?"

"देव."

"म्हणजे आपणहून?"

"ते मी कसं सांगू?"

साहेबांनी कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग नम्रपणे म्हणाले की कठड्याच्या आत हंगाम संपेपर्यंत कुणालाही पाऊल टाकता येत नाही, त्यांना स्वतःलाही नाही. हंगाम संपायला अठ्ठावन्न दिवस. त्यानंतर कळवू.

परतीच्या बसमध्ये चष्म्याची डबी माझ्या मांडीवर होती. हे दोनदा म्हणाले, "बघू गं, होईल." एरवी थट्टा करणारा माणूस 'होईल' म्हणायला लागला की फार भीती वाटते.

घरी कोनाडा रिकामा. वही उघडली. शंभर हा आकडा घातलेला, पुढे काही नाही. लिहायचं काय? फूल होतं, देव होता, दिवस तोच होता. पण वाहिलं का? मी शब्द उच्चारले नव्हते. फुलाला देव लागला की नाही ते पाहिलं नव्हतं. खोटं लिहायचं नाही आणि खरं काय ते माहीत नाही, या दोन्हींच्या मध्ये मी पेन घेऊन बसले.

"पोचलं म्हणायचं," हेडसरांनी निकाल दिला. "पत्ता बरोबर होता. पोचपावती आली नाही, इतकंच."

"छे!" वन्सं म्हणाल्या. "देव हातातून पडला म्हणजे त्याने नाकारलं. वहिनी, दुसरा आणा. आणि पहिल्यापासून सुरू करा."

"पहिल्यापासून?" मी म्हटलं. "फुलवालीपासून?"

"आणि या वेळी पिवळा गुलाब चालवून घ्या. हेडसरांचं काय ऐकता!"

त्यावर त्या दोघांचं जे भांडण झालं ते जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलं आणि मी, म्हणजे मूळ तक्रारदार, घरात एकटीच उरले. मी रोज रिकाम्या कोनाड्यापुढे दिवा लावत होते. तिथे कुणी नाही हे मला माहीत होतं, पण नेम होता. कधी वाटायचं, मी भिंतीला ओवाळते आहे. कधी वाटायचं, आजवर वेगळं काय करत होते?

बाराव्या दिवशी दुपारी जिना चढताना हे मध्येच थांबले आणि त्यांनी डावा खांदा धरला.

माझ्या हातातली पिशवी कुठे गेली ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की डोक्यात एकच वाक्य होतं: नव्याण्णवच झाली. रिक्षा, दवाखाना, यंत्राच्या तारा, आणि मी परत तशाच एका बाकावर. या वेळी मात्र तोंडातून नवस निघेना. मागचा पुरा झाला की नाही हेच ठाऊक नाही, तर नवा कुठल्या तोंडाने बोलू? आणि कुणापुढे? तो तिकडे डोंगरावर उताणा.

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "हृदय उत्तम आहे. स्नायू आखडलाय. अलीकडे कधी एखाद्या विचित्र अवस्थेत बराच वेळ बसले होते का?"

"कठड्यावर," मी म्हणाले, आणि त्या बाकावर मला जे रडू आलं ते थांबेना. हे बाहेर येऊन शेजारी बसले. म्हणाले, "अगं, मला काही झालं असतं तर त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नसता. आणि तुझा तर नाहीच."

मी साहेबांना तीन पत्रं लिहिली. मागणी काहीच नव्हती. फक्त विचारलं होतं, तो कसा आहे. एकाच पत्राला उत्तर आलं: आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. कशी घेतली ते लिहिलं नव्हतं.

एकोणसाठाव्या दिवशी मात्र पत्र आलं. वस्तू घेऊन जावी, ओळखपत्र आणावे, आणि सदर वस्तूस किमान तीन वर्षे ओळखणारे दोन साक्षीदार सोबत आणावेत. वन्सं त्याच आठवड्यात परगावी गेल्या होत्या, म्हणून साक्षीदार झाले हे आणि हेडसर. पठार ओळखू येत नव्हतं. सगळं तपकिरी, वाळलेलं, फाटकाशी एकही रांग नाही. आणि दुसरी खिडकी उघडी.

साहेबांनी टेबलावर एक मोहोरबंद पाकीट ठेवलं, ते फोडलं, आणि देव माझ्यासमोर उभा केला. मातीने माखलेला. पाठीवर हिरवट डाग. मी हात पुढे केला.

"थांबा," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात म्हटल्यावर मी लगेच थांबले. "आधी साक्षी. पहिले साक्षीदार, ही वस्तू आपण ओळखता?"

"तोंडओळख आहे," हे म्हणाले.

"दुसरे साक्षीदार?"

हेडसर उभे राहिले. "मी देव मानत नाही," ते खणखणीत म्हणाले. "पण हा तोच आहे."

साहेबांनी दोन्ही जसंच्या तसं लिहून घेतलं. मग पहारेकऱ्याला हाक मारली, "नोंदवही आणा. मावशींची सही लागेल."

तो आला. तोच, झुकलेल्या खांद्यांचा, आज गळ्यात शिट्टी नाही. बगलेत लांबट वही. तो म्हणाला, "बंदीच्या जागेत कुणाची वस्तू पडली की रोज कठड्याबाहेरून बघून लिहायची असते. नियम आहे. तशी आजवर कुणाची पडली नव्हती." त्याने पान उघडून माझ्यापुढे धरलं. "इथपासून इथपर्यंत तुमची. वाचून सही करा."

अक्षर लहान मुलासारखं, गोल आणि सावकाश. पहिली नोंद त्याच शनिवारची होती.

"वस्तू उताणी. निळे फूल, एक, वस्तूच्या पायाशी टेकलेले. फूल मोडलेले नाही."

मी ती ओळ वाचली. परत वाचली. मग ह्यांच्याकडे वही सरकवली. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला, जरी तो स्वच्छ होता. हेडसरांनी मान लांब करून वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच निकाल दिला नाही.

मी पान पुढे वाचत गेले. दुसरा दिवस: निळे फूल, तेच. चौथा: जांभळी दोन, निळे गळाले. सहावा: पांढरे एक, वस्तूच्या डाव्या हातास, नाव माहीत नाही. नववा: पाऊस, तरी पाहणी केली. रोज. एक दिवस सुटलेला नाही. माझ्या नेमात वर्षातून दोनदा तरी तापामुळे खाडा पडतो. तेराव्या दिवसाला वस्तूभोवती इतकी फुलं झाली की त्याने मोजणं सोडून 'बरीच' असं लिहिलं होतं. आणि चौदाव्या दिवसापासून पुढे अकरा दिवस एकच वाक्य, अकरा वेळा, त्याच गोल अक्षरात:

"फुलांमुळे वस्तू दिसत नाही. आहे असे धरून नोंद केली."

"त्या अकरा नोंदींवर साहेब रागावले होते," पहारेकरी हळू आवाजात म्हणाला. त्याला वाटलं मी तिथे थांबले म्हणजे काही चूक काढणार. "न दिसता नोंद कशी केली म्हणून. पण मावशी, जाणार कुठे? तिथेच असणार ना."

मी सही केली. साहेबांनी देव माझ्या हातात दिला. उभी राहिले, आणि माझे दोन्ही हात आपोआप जोडले गेले, मध्ये देव. समोर पहारेकरी उभा होता. तो गडबडून मागे सरकला आणि म्हणाला, "अहो मावशी, मला कशाला?"

खरं बोलायचा माझा नेम आहे, म्हणून मी त्याला काहीच उत्तर दिलं नाही. मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं, कुणाला.